निंबखेडीच्या मायचं कवच

कुसुमबाईच्या वांग्याच्या वाफ्यांना लागून, बांधावरच्या निंबाखाली एक दगड उभा होता आणि त्या दगडाला निंबखेडी गाव माय म्हणत असे. कमरेएवढी उंची, वर निमुळता, खाली रुंद. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने तो इतका जाड झाला होता की दगड कुठे संपतो आणि शेंदूर कुठे सुरू होतो, हे कुणालाच सांगता आलं नसतं. त्या शेंदरावर चांदीचे दोन डोळे बसवलेले होते, खाली एक नथ. डाव्या अंगाला गोल फुगवटा होता. ते मायच्या कडेवरचं लेकरू. म्हणून पूर्ण नाव लेकुरवाळी माय.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथ मंडळात, म्हणजे तालुक्यात, असलेल्या या गावात मारुतीचं देऊळ आहे, विठोबाचंही आहे. ती गड्यांची. माय बायांची होती. नवी सून गावात आली की पहिली ओटी तिथे भरायची. दिवस गेलेली बाई मायच्या लेकराला तेल लावून यायची. बाळंतीण महिन्याभराने पोर घेऊन बाहेर पडली की आधी मायकडे, मग माहेरी. पुजारी नाही, घंटा नाही, दानपेटी नाही. मायची सेवा उद्धवरावांच्या घराकडे होती, कारण बांध त्यांचा. घराकडे म्हणजे घरातल्या सुनेकडे. उद्धवरावांची आई रुख्मिणी गेली तेव्हा ती कुसुमबाईकडे आली. मंगळवारी पाणी आणि तेल, आखाडीला आणि दसऱ्याला शेंदराचा नवा हात.

कुसुमबाईला ही सेवा कधी जड गेली नाही. खरं तर तिला ती हवी होती. भाजीपाला पिकवणाऱ्या बाईला दिवसभर बोलायला कुणी नसतं. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, टमाटर, आणि त्यांच्यामध्ये खुरपं घेऊन बसलेली ती. तेल लावता लावता ती मायशी बोलायची. पहिली मुलगी सव्वा महिन्याची होऊन गेली, ते दुःख तिने घरात कुणाकडे काढलं नाही, मायकडे काढलं. पिशवीचं ऑपरेशन करावं लागेल असं आदिलाबादच्या डॉक्टरणीने सांगितलं, ते नवऱ्याच्या आधी मायला कळलं. बाईच्या अंगाचं जे जे काही असतं, जे आईशिवाय कुणाला सांगता येत नाही, ते सगळं त्या दगडाच्या कानावर गेलेलं होतं. कुसुमबाईची आई ती सहा वर्षांची असतानाच वारली होती.

जीवनचं लग्न झालं आणि मयूरी घरात आली. आदिलाबाद शहरातली पोर, तेलुगू माध्यमात शिकलेली, बीएस्सी झालेली. तिचं मराठी घरातलं, मध्येच तेलुगूत वळणारं. कामाला चांगली, उलट बोलणारी नाही. पण सासू-सुनेत बोलणं असं नव्हतं. भाजीत मीठ किती, गॅस संपला का, जीवन गाडी घेऊन इचोड्याहून कधी येईल, एवढंच. दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा ते राहिले नाहीत. दोन्ही वेळा ती माहेरी जाऊन आली, परत कामाला लागली आणि त्याबद्दल तिने तोंड उघडलं नाही. कुसुमबाईनेही विचारलं नाही. विचारायचं कसं हे तिला माहीत नव्हतं. ते तिने मायला विचारलं.

त्या उन्हाळ्यात आदिलाबादच्या एका वाचनालयाने फोटोंची स्पर्धा जाहीर केली. जिल्ह्यातल्या जुन्या खुणा लोकांनीच शोधाव्यात, मोबाइलवर टिपाव्यात, चार ओळी लिहून पाठवाव्यात, निवडक फोटो मोठे करून मांडले जातील. तेलुगू, मराठी, हिंदी, तिन्ही भाषांत निरोप फिरला. भगवंतराव नावाचे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक सगळं पाहत होते.

मयूरीने तो निरोप जेवताना वाचून दाखवला. जीवन हसला.

‘‘जैनथच्या देवळासमोर आता लाईन लागली असन. अर्धा जिल्हा तिथंच फोटो काढून राह्यला.’’

‘‘मग मी तिकडं जातच नाही,’’ मयूरी म्हणाली. आणि सासूकडे वळून विचारलं, ‘‘आत्याबाई, आपली माय किती जुनी हाय?’’

लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती. मिठाच्या आणि गॅसच्या पलीकडचा तो पहिला प्रश्न होता. कुसुमबाईने हातातला घास खाली ठेवला.

‘‘लई जुनी. माह्या सासूच्या सासूनं असंच पाह्यलं होतं तिले. त्याच्या आधीचं कोणाले माहीत नाई.’’

‘‘शेंदराखाली काय हाय?’’

‘‘माय हाय, अजून काय असन? नाक, डोळे, कडेवर लेकरू. सासू सांगे, लई गोड तोंड हाय म्हणे.’’

रुख्मिणीने ते तोंड कधी पाहिलेलं नव्हतं. तिलाही कुणीतरी सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयूरी सासूबरोबर मळ्यात आली. कुसुमबाईने मायला नवा खण लावला, चांदीचे डोळे चिंचेने घासून चकचकीत केले. मयूरीने पुष्कळ फोटो काढले, त्यातला एक निवडून पाठवला. तो दिवस दोघींचा चांगला गेला. परत येताना मयूरीने आपण होऊन भाजीची टोपली घेतली, आणि कॉलेजात असताना फोटोग्राफीचा वर्ग लावायचा होता, वडिलांनी लावू दिला नाही, हेही सांगितलं.

भगवंतरावांचं उत्तर आवाजी निरोपाने आलं. मयूरीने ते ओसरीवर मोठ्याने लावलं. म्हातारा सभ्य, सावकाश बोलणारा.

‘‘ताई, फोटो छान आलाय. पण यात दिसतोय तो शेंदूर. मूळ दगड कुठला, कोरीव काम आहे का, काळ कोणता, काहीच कळत नाही. असे शेंदराचे दगड गावोगावी आहेत. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर जरूर पाठवा, मुदत वाढवली आहे.’’

‘‘जाऊ द्या,’’ मयूरी म्हणाली. ‘‘काढते जैनथचाच एक.’’ आणि उठून भांडी घासायला गेली. त्या दिवशी ती परत मीठ-गॅसवर आली.

कुसुमबाईला दोन गोष्टी लागल्या. मायला त्या माणसाने गावोगावच्या दगडांत बसवलं, ही एक. दुसरी भांड्यांच्या आवाजात होती.

शेंदराबद्दल गावात एक नियम होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. थर फार चढले की देव आपलं कवच आपणहोऊन टाकतो. तडा जातो, पोपडा सुटतो, एक दिवस सगळं गळून पडतं. मग ते वाजतगाजत नेऊन पैनगंगेत सोडायचं आणि उघड्या अंगावर नव्याने सुरुवात करायची. पण ते देवाने टाकायचं असतं. माणसाने हात लावायचा नसतो. रुख्मिणीने मरताना सेवा सोपवली तेव्हा हे दोनदा बजावलं होतं.

त्या वर्षी ऊन कडक होतं. मायच्या उजव्या खांद्यावर बोटभर तडा गेला होता. उन्हाळ्यात असा तडा जातो, पावसाळ्यात तेलाने भरून येतो, कुसुमबाईने तो पूर्वीही पाहिला होता. यंदा मात्र तिला तो वेगळा वाटला, की वेगळा वाटावा असं तिला वाटलं. मायलाच बाहेर यायचं असेल. तिलाच आपलं तोंड दाखवायचं असेल. नाहीतर तडा आत्ताच कशाला जाईल?

उजाडताना ती एकटी मळ्यात गेली. आधी कोमट तेल ओतलं. थोडा वेळ बसून राहिली, माय काही करते का ते पाहत. मग खुरप्याचं टोक त्या तड्यात घातलं.

पहिला तुकडा हाताच्या पंजाएवढा निघाला. तिने तो पदरात ठेवला. दुसरा आपसूक सैल झाला आणि तिला धीर आला. बघा, सुटूनच राह्यलंय. शेंदराचे थर कापलेल्या कांद्यासारखे एकावर एक दिसत होते, बाहेर केशरी, आत विटकरी, अगदी आत काळपट. तिचा स्वतःचा शेंदूर बाहेरच्या पापुद्र्याएवढाच होता. आतला सासूचा, तिच्या सासूचा, पुढच्या नावं माहीत नसलेल्या बायांचा. समोरचा भाग, डोळ्यांसकट, एका मोठ्या खापरासारखा अखंड निघाला. तो तिने जपून गवतावर ठेवला. मग पाणी मारलं आणि पाहिलं.

समोर माणूस होता. गडी. अंगात आखूड लंगोट, केसांचा बुचडा एका बाजूला, उजव्या हातात उगारलेली तलवार. डाव्या हातात गोल ढाल होती. तेच लेकरू. ओठांवर वर वळलेल्या मिशा.

गावात सासऱ्यासमोर, पंचांसमोर, परक्या माणसासमोर बाया पदर घेतात. मायसमोर कधी कुणी घेतला नाही, आईसमोर कोण घेतं? कुसुमबाईचा हात विचार न करता वर गेला आणि तिने पदर डोक्यावर ओढला. ती उठली आणि घराकडे निघाली. अर्ध्या वाटेवर थांबली, परत आली, गवतावरचं ते खापर उचलून खणात गुंडाळलं, मग गेली.

मयूरीला घेऊन ती परत आली तेव्हा कोवळं ऊन दगडावर तिरपं पडलं होतं. मयूरीच्या तोंडून तेलुगूतलं नवलाचं ‘अब्बा’ एवढंच निघालं. ती गुडघ्यावर बसली, पालथी झोपली, बांधावर चढली, फोटो काढत राहिली. बऱ्याच वेळाने तिचं लक्ष सासूकडे गेलं.

‘‘आत्याबाई, पडलं का पाडलं?’’

‘‘पडलं.’’

खुरपं तिथेच होतं, पात्याला केशरी भुकटी. मयूरीने ते उचललं, पाटाच्या पाण्यात धुतलं आणि वांग्याच्या वाफ्यात नेहमीच्या जागी ठेवलं.

दहा वाजेपर्यंत गाव जमलं. आधी शांतता, मग कुजबुज. शेजारच्या ताराबाईला शांतता फार वेळ सोसत नाही.

‘‘वं बाई! मी ह्याच्यासमोर चार लेकरांच्या ओट्या भरल्या! आता तरी काही बोलन का हा?’’

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. दगडाच्या वरच्या भागात आणखी कोरलेलं होतं. दोन बाया त्या वीराला दोन्ही हातांना धरून वर नेत होत्या.

‘‘पाह्य, पाह्य! मेल्यावर दोन-दोन बाया नेऊन राह्यल्या त्याले. आमच्या घरच्याले जितेपणी एक झेपत नाई.’’

उद्धवरावही हसले. घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, ‘‘म्हंजे इतकी वर्षं तू माह्या चहाड्या एका गड्यापाशी करून राह्यली होती? अन् तोही तलवारवाला? बरं झालं खाली उतरला नाई तो.’’

कुसुमबाई हसली नाही. उद्धवराव मनाने वाईट नव्हते. त्यांना वाटलं तिने ऐकलं नसेल, म्हणून जेवताना त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

कवच आपणहोऊन पडलं असं म्हटल्यावर पुढचं सगळं रीतीनेच झालं. डफडं आलं, बायांनी तुकडे सुपात घेतले, वर हळदकुंकू, डोळ्यांचं खापर मधोमध. कुसुमबाई पुढे होती, सेवा तिची म्हणून. पैनगंगेला त्या दिवसांत पाणी कमी, मध्ये डोहापर्यंत चालत जावं लागलं. डोळे काढून ठेवावेत का असं कुणीतरी विचारलं. ताराबाई म्हणाली, मायचे डोळे काढणारी मी कोण? डोळ्यांसकट सोडलं. खापर थोडं तरंगल्यासारखं झालं, कलंडलं आणि गेलं.

आठवड्याभराने भगवंतराव स्वतः आले, बसने जैनथपर्यंत, पुढे ऑटोने. दगडापुढे उकिडवे बसून त्यांनी खालची माती हाताने बाजूला केली. तिथे गाई निघाल्या, एकामागे एक कोरलेल्या.

‘‘वीरगळ आहे,’’ ते म्हणाले. ‘‘गावची गुरं चोरांनी पळवली, हा आडवा गेला, मारला गेला. गावाने त्याच्या नावाने दगड उभा केला. नाव कुठे लिहिलेलं नाही. पण गावाच्या उपयोगी पडला म्हणून तर उभा केला ना? मोठी गोष्ट आहे, ताई.’’

‘‘अन् माय?’’ कुसुमबाईने विचारलं.

भगवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं. हातांची माती झटकत म्हणाले, ‘‘तुम्हीच सेवा करता ना? मी खरवडायला सांगितलं नव्हतं हो. मी फक्त दिसत नाही म्हणालो होतो.’’

‘‘खरवडलं नाई. पडलं,’’ कुसुमबाई म्हणाली.

मयूरीच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. उटनूरकडच्या जंगलातली गढी, जुन्या बारवा, नदीकाठची पडकी देवळं, जैनथच्या देवळाचे बरेच फोटो, या सगळ्यांमधून. प्रदर्शन आदिलाबादला एका मंगल कार्यालयात होतं. निंबखेडीचा फोटो दाराशीच, माणसाच्या उंचीएवढा मोठा करून लावला होता. खाली तीन भाषांत: अनाम वीर, निंबखेडी. मयूरीच्या वडिलांनी जावयाला मिठी मारली. मयूरीने स्टेजवर सासूला बोलावलं आणि माइकवर सांगितलं, ‘‘या नसत्या तर हा फोटो नसता.’’ टाळ्या झाल्या. कुसुमबाई पदर घेऊन उभी राहिली. फोटोवाल्याने तिला आणि मयूरीला त्या मोठ्या फोटोसमोर उभं केलं, तिथेही तिने पदर खाली येऊ दिला नाही.

त्या दिवसापासून मयूरी बदलली. घरात बोलायला लागली. जवळच्या दोन गावांतल्या पोरींना मोबाइलवर फोटो काढायला शिकवायला लागली. कुसुमबाईला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

मायचं मात्र संपत आलं. बाया एकदम थांबल्या नाहीत. पहिल्या मंगळवारी चारपाच जणी आल्या, काय करावं न सुचून गेल्या. मिशांना हळदकुंकू कसं लावायचं? ढालीला तेल कशाला? मग ताराबाईने एक दिवस बांधावर उभं राहून सगळ्यांच्या मनातलं सांगून टाकलं.

‘‘माय गेली वं कुसूम. ती शेंदरात होती. तिनं अंग सोडलं, अन् आपण वाजतगाजत पोचवून आलो तिले. हा मागं राह्यला तो दुसराच कोणी हाय. तिले राह्यचं असतं तर तिनं कवच टाकलं असतं काऊन?’’

त्या बोलण्यात चूक नव्हती. जे गावाला माहीत होतं त्यावरून तेच निघत होतं. कुसुमबाईला एक वाक्य बोलायचं होतं. तिनं टाकलं नाही, म्या काढलं. त्या एका वाक्याने माय परत आली असती की नाही कुणास ठाऊक, पण ती आपणहोऊन गेली नाही एवढं तरी गावाला कळलं असतं. तोंडापर्यंत ते आलं. पण त्याच्यामागे काय येईल हेही तिला दिसत होतं. मायला जिने हात लावला तिच्या घरात पाळणा कसा हलेल? सुनेची लेकरं दोनदा पोटातच का गेली ते आता कळलं, असं म्हणायला बायांना दुपारही लागली नसती. आधी घडलेलं त्यांनी नंतरच्या पापाला सहज जोडलं असतं. नाव निघालं असतं ते मयूरीचं.

‘‘गेली असन,’’ कुसुमबाई म्हणाली.

दसऱ्याला बसथांब्याजवळ नवी माय बसली. संगमरवरी, गोरी, डोळे रंगवलेले, कडेवर खरोखरचं लेकरू. जाळीचं दार, सकाळ-संध्याकाळ पुजारी, भोंगा. बाया तिथे जायला लागल्या. ताराबाईने कुसुमबाईला बोलावलं, ती गेलीही. दाराबाहेर रांग होती. पुजाऱ्याने नारळ घेतला, तीर्थ दिलं आणि पुढे सरका म्हणाला. बोलायला तिथे जागा नव्हती.

वीरगळाभोवती तरुण मंडळाने पावसाच्या आधीच साखळी लावली होती, फलक लावला होता. त्यातला सुरेंद्र कामाला पुढे, बोलायला नम्र. दसऱ्याच्या आधी, आषाढात, आखाडीला कुसुमबाईने शेंदूर खलला होता. साखळी ओलांडून आत गेली, गड्याच्या तोंडाकडे न पाहता खालून सुरुवात केली, ढाल, छाती, मग चेहरा. पातळ शेंदूर कोरीव कामाच्या कडाकडांत उतरला आणि जे आधी दगडात दगडासारखं होतं ते लखलखून वर आलं. मिशा तर नव्या रंगवल्यासारख्या. झाकायला एक हात पुरत नाही, दहा पुरत नाहीत. तिच्या सगळ्या आयुष्याचा शेंदूर बाहेरच्या पापुद्र्याएवढा होता, ते तिने स्वतः पाहिलं होतं. सुरेंद्र धावत आला.

‘‘काकू, हे काय? हेरिटेज हाय न हे. भगवंतराव सर मले बोलतीन.’’

‘‘पुसते,’’ ती म्हणाली आणि तिनेच पदराने पुसून काढला.

एकदा तिने मयूरीला तो पहिला फोटो मागितला. शेंदराचा, चांदीच्या डोळ्यांचा. मयूरीने फोन पुष्कळ खालीवर केला.

‘‘डिलीट केला असन, आत्याबाई. काही खास नव्हता न तो. जागा लागत होती.’’ मग सासूचं तोंड पाहून, ‘‘सरांकडं असन, विचारते.’’ सरांकडेही नव्हता. गावात दुसरा कुणाकडे निघाला नाही. रोज पाहायच्या मायचा फोटो कोण काढणार? जीवनच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मागे थोडं केशरी दिसतं, तेही फेट्याच्या आड.

पुढच्या वर्षी कापसाच्या लागवडीच्या सुमाराला मयूरीला पुन्हा दिवस गेले. या वेळी तिने ते जीवनच्याही आधी सासूला सांगितलं, चुलीपाशी, भाकरीचं पीठ मळताना. आणि मान वर न करता म्हणाली, ‘‘तुमी मायले सांगसान का?’’

कुसुमबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

‘‘तू तर मानत नाईस न?’’

‘‘मले नाही माहीत मानते का. पण मागच्या वेळी तुमी सांगत होत्या, मी ऐकलं होतं. मी वांगी तोडून राह्यली होती, तुमाले दिसली नाही. तुमी म्हणल्या, पोर बोलत नाही, पण रडून रडून तिची उशी वली असते, तिले एक दे, माह्याकडचं काही पाह्यजे तर घे.’’ तिने पिठाचा गोळा परातीत फिरवला. ‘‘माह्या आईनंही असं नव्हतं म्हणलं. म्हणून तर मी तिचा फोटो पाठवला होता. बाकी मले काय माहीत होतं जुनं-नवं.’’

कुसुमबाई उठली. ‘‘येते सांगून,’’ म्हणाली.

दुपार टळटळीत होती, मळ्यात कुणी नव्हतं. फलकापाशी येऊन ती थांबली. तलवार उगारून तो उभा होता. त्याच्याबद्दल तिच्या मनात राग नव्हता. कुणाच्या तरी गाईंसाठी मेलेला माणूस, त्याने तिचं काय बिघडवलं होतं? पण त्याच्यासमोर सुनेच्या अंगाचं बोलणं शक्य नव्हतं. ती वळसा घालून मागच्या बाजूला गेली. तिकडे कोरलेलं काही नाही, नुसता खडबडीत दगड. तिकडून तो काहीही असू शकत होता. तिने पदर खाली घेतला, कपाळ दगडाला लावलं आणि ‘माय, मयूरीले’ एवढं म्हणाली. पुढचे शब्द तयार होते. पण पलीकडे कुणीतरी ऐकत आहे, आणि ते कुणाचं कोण आहे हे आपल्याला माहीत नाही, हे काही केल्या मनातून जाईना. तिने कपाळ काढून घेतलं. तशीच बसली. मग वाफ्यात उतरून थोडी वांगी तोडली, हात रिकामे नकोत म्हणून, आणि घरी आली.

मयूरी तव्यापाशीच होती.

‘‘सांगतलं?’’

‘‘सांगतलं.’’

‘‘काय म्हणली?’’

‘‘काय म्हणन? ऐकून घेतलं तिनं.’’

मयूरीने मान हलवली. तिच्या खांद्यांतला ताण उतरलेला कुसुमबाईला स्पष्ट दिसला. मयूरीने शेवटची भाकरी तव्यावर टाकली आणि सासूला म्हणाली, बसा, गरम वाढते.